चिमणीवरचा टॉवेल

दत्ताराम पालवाच्या हातून कॅमेरा बिघडला, असं घाटकोपरात कुणी म्हणालं असतं तर लोकांनी म्हणणाऱ्यालाच वेड्यात काढलं असतं. एक्केचाळीस वर्षं हा माणूस रिळाचे कॅमेरे उघडत आणि मिटवत आला होता. मोबाइल आले, रिळं गेली, फोर्टातल्या ज्या दुकानात तो शिकला ते दुकान जाऊन तिथे मोमो विकायला लागले, तरी भटवाडीच्या टेकडीवर आपल्या दोन खोल्यांत, खिडकीशी टेबल लावून दत्तारामचा पेचकस चालूच होता. अलीकडे तर कॉलेजातल्या पोरापोरींना पुन्हा रिळाचं वेड लागलं होतं. आजोबांच्या कपाटातले कॅमेरे घेऊन ती धापा टाकत टेकडी चढायची. दत्ताराम आधी त्यांना पाणी द्यायचा, मग बोलणी. माणूस गुणी होता. पण गुणी माणसाची एक खोड असते. आपण गुणी आहोत हे त्याला फार लवकर कळतं आणि मग दुसरं काही कळून घ्यायची गरज वाटेनाशी होते.

त्याचा हातखंडा होता तो एका जुन्या जातीच्या कॅमेऱ्यात. ह्या कॅमेऱ्यात भिंगातून काही दिसत नाही. वरच्या बारीक खिडकीला डोळा लावायचा. मधोमध एक फिकट चौकट असते आणि तिच्यात समोरच्या माणसाचं दुसरं, पातळसं चित्र सरकलेलं असतं. भिंग फिरवत जायचं. दोन नाकांचं एक नाक झालं की फोकस बसला. आता ही दोन नाकं योग्य वेळी एक होतात की उगाच आपली कधीही, हे ठरवणारा एक स्क्रू आत असतो. तो स्क्रू लावणं ही दत्तारामची विद्या.

विद्या फोर्टातल्या वस्तादाने एका वाक्यात दिली होती. भिंगावर अंतराचे आकडे असतात आणि सगळ्यात शेवटी एक आडवा आठ असतो. आडवा आठ म्हणजे लांब, जिथवर नजर जाईल तिथवर लांब. वस्ताद म्हणायचा, "भिंग आडव्या आठावर ठेव, चिमणी बघ, दोन चिमण्यांची एक कर. बाकी सगळं आपोआप." चिमणी म्हणजे चेंबूरपलीकडच्या कारखान्याची, लालपांढऱ्या पट्ट्यांची, भटवाडीहून सहा-सात किलोमीटरवरची. दत्तारामच्या खिडकीतून ती काडीएवढी दिसायची. त्याने चौकटीवर एक लाकडी घोडी खिळ्यांनी पक्की ठोकली होती. कॅमेरा घोडीवर ठेवला की समोर चिमणी. इकडेतिकडे शोधायला नको, मान वळवायला नको.

जानेवारीत हेमांगी आली. वेसाव्याच्या कोळीवाड्यातली, पंचविशीची, चटपटीत. पिशवीतून तिने एक जुना रशियन कॅमेरा काढला.

"काका, बाबांचा आहे. समुद्रात एका रशियन जहाजावरच्या खलाशाने दिला होता. शेवंडांची टोपली घेतली आणि हा दिला."

"खलाशी शहाणा होता," दत्ताराम म्हणाला. "काय होतंय ह्याला?"

"भिंग फिरतच नाही. आणि दोन चित्रं दिसतात ती एक होत नाहीत."

तिचा बाप हरेश्वर. होडीवर नाखवा आणि किनाऱ्यावर गावाचा फोटोग्राफर. तीस वर्षं त्याने वेसाव्यातल्या हळदी, बारशी, पालख्या ह्या कॅमेऱ्यात धरल्या, आणि म्हणूनच एकाही फोटोत तो नव्हता. आता त्याच्या तोंडात गाठ निघाली होती. जीभ आणि डावा जबडा काढावा लागणार, मार्चमधली तारीख मिळालेली. त्याआधी चेहरा आहे तसा एकदा काढून ठेवायचा, आणि तो ह्याच कॅमेऱ्याने, पोरीच्या हातून, असा हरेश्वरचा हट्ट होता. मोबाइलवर हेमांगीने काढलेले गुळगुळीत फोटो बघून तो म्हणाला होता, "हा मी नाय. हा साबण लावलेला कोण?"

दत्तारामला हे ऐकून बरं वाटलं. आपल्या कामाची किंमत कळणारा माणूस अजून कुठेतरी आहे म्हणायचा. त्याने भिंगातलं वाळलेलं ग्रीस काढलं, नवं भरलं, कॅमेरा घोडीवर ठेवला, डोळा लावला आणि दोन चिमण्यांची एक चिमणी केली.

दोन आठवड्यांनी हेमांगी फोटो घेऊन परत आली. हरेश्वर दारात बसलेला, मागे भिंतीवर जाळं. चेहरा पुसट.

"हात हलला तुझा," दत्ताराम म्हणाला.

"हात हलला तर सगळंच हललं पाहिजे ना काका? मागचं जाळं बघा. एकेक गाठ मोजता येते. बाबांचे डोळे तेवढे पुसट."

पोरीने रोगाचं नाव त्याच्या तळहातावर आणून ठेवलं होतं. मागचं स्पष्ट आणि पुढचं पुसट ह्याचा अर्थ कॅमेरा माणसाच्या मागे फोकस धरतो आहे. हे दत्तारामने स्वतः शंभर जणांना समजावलं होतं. अशा वेळी आणखी एक परीक्षा घ्यायची असते. रीळ बसतं त्या जागी ट्रेसिंग पेपर ताणून लावायचा, दोन मीटरवर एखादी वस्तू ठेवायची आणि पेपरवर चित्र कसं उमटतं ते हातातल्या भिंगाने बघायचं. पण त्याला नजर लागते. दत्तारामच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकायला आला होता, आणि ही गोष्ट त्याने बायकोपासूनसुद्धा लपवली होती. कॅमेरेवाल्याचा डोळा गेला असं एकदा बाहेर कळलं की टेकडी कोण चढणार?

म्हणून त्याने पेपर काढलाच नाही. कॅमेरा घोडीवर ठेवला आणि म्हणाला, "ये, तूच बघ. चिमणी एक दिसते की दोन?"

हेमांगीने डोळा लावला. तिला एक लालपांढरा खांब दिसला. वेसाव्याच्या पोरीला घाटकोपरातून चिमणी कशी दिसते हे काय ठाऊक? काका चिमणी म्हणतात म्हणजे चिमणी.

"एकच दिसते."

"मग? कॅमेरा ओके आहे. आता डोळे तपासून घे तुझे. नाचता येईना अंगण वाकडं, असं करू नये."

तिचा चेहरा उतरला. पण पोर गुणाची, उलटून बोलली नाही. डोळे तपासून आली, बारीकसा नंबर निघाला, चष्मा घेतला. दुसरं रीळ चष्मा लावून काढलं, तरी पुसट. तिसरं रीळ तिने श्वास रोखून, कॅमेरा स्टुलावर टेकवून काढलं. मार्चच्या शेवटी ती पुन्हा टेकडी चढून आली. पाणी पुढे केलं तर घेतलं नाही. कॅमेरा टेबलावर ठेवला.

"परत तेच?" दत्तारामने विचारलं.

"ऑपरेशन झालं, काका. असू दे तुमच्याकडेच. आता त्याचं काम नाही."

ती गेली. दत्तारामने कॅमेरा फळीवर ठेवला. वाईट वाटलं त्याला, नाही असं नाही. पण चूक दुसऱ्याच्या हातची असली की वाईट वाटणं वेगळं. ते जेवणाबरोबर उतरतं.

मे महिन्यात एक दिवस दुपारी तो कुणाचातरी दुसराच कॅमेरा लावत बसला होता. उकाड्याने अंगाला शर्ट चिकटलेला. कॅमेरा घोडीवर होता, भिंग आडव्या आठावर, आणि दोन चिमण्या हळूहळू एकमेकींत शिरत होत्या. तेवढ्यात चौकटीत एक हात आला.

हाताने चिमणीला धरलं. मग दुसरा हात आला आणि त्याने चिमणीवर एक ओला टॉवेल वाळत घातला.

दत्तारामने डोळा काढला, पुसला, पुन्हा लावला. टॉवेल होताच. हिरवा, वाऱ्यावर हलणारा.

तो उठून खिडकीतून वाकला. समोरच्या गल्लीपलीकडची चाळ पाडून तिथे इमारत चढत होती, हे त्याला माहीत होतं, आवाजाने कान किटले होते. पण तिचा सातवा मजला दिवाळीनंतर केव्हातरी त्याच्या घोडीच्या रेषेत आला होता. स्लॅबच्या कडेने कुणी पडू नये म्हणून पाइप उभे केले होते, मनगटाएवढे, लालपांढरे पट्टे मारलेले. त्यातला एक पाइप बरोब्बर चिमणीच्या जागी उभा होता. खरी चिमणी स्लॅबच्या मागे गडप. ढगाळलेल्या डोळ्यांना, त्या बारीक खिडकीतून, तीस मीटरवरचा पाइप आणि सात किलोमीटरवरची चिमणी सारखीच दिसली होती. सहा महिने दत्ताराम पालव आडवा आठ म्हणून गल्लीपलीकडच्या कठड्याला स्क्रू लावत होता.

टॉवेलवाला कामगार कठड्याला टेकून डबा खात होता आणि मधूनमधून खाली बघत होता. त्याने दत्तारामकडे बघून हात केला. दत्तारामने पडदा ओढून घेतला.

"काय झाला?" वनमालाने आतून विचारलं. त्याची बायको, मालवणची, चाळीस वर्षं मुंबईत राहून बोली न सोडलेली.

"इकडे ये. डोळे दे तुझे जरा."

त्याने फळीवरून हेमांगीचा कॅमेरा काढला. पाठ उघडली, आत ट्रेसिंग पेपर ताणून बसवला. दोन मीटरवर स्टुलावर लोणच्याची बरणी ठेवली, तिच्या मागे वीतभरावर कुकर. बरणीची दोन चित्रं त्याने एक केली आणि वनमालाला पेपरवर बघायला सांगितलं.

"सगळा उलटा दिसता."

"दिसू दे उलटं. बरणीवरची अक्षरं वाचता येतात?"

"नाय. पुसट दिसतत." ती आणखी वाकली. "मागल्या कुकराची शिटी मात्र चकचकीत."

दत्ताराम खाली बसला. ह्या परीक्षेला दहा मिनिटं लागली होती. फेब्रुवारीत, पोर समोर उभी असताना, बायकोला एक हाक मारली असती तर दहाच मिनिटं लागली असती. पण मग डोळ्यांचं सांगावं लागलं असतं. स्वतःचा आंधळेपणा झाकायला त्याने तिला चष्मा घ्यायला लावला होता. अंगण खरंच वाकडं होतं, आणि तो तिला नाचायला शिकवत बसला होता. त्याला स्वतःची शिसारी आली.

सगळं त्याने वनमालाला सांगितलं, मोतीबिंदूसकट. तिने बरणी उचलून फळीवर ठेवली. मग म्हणाली, "आता त्या पोरीक सांगान काय होतला? बापाशीचा तोंड परत येतला? गप रवा. कोणाक कळाचा नाय."

बाई व्यवहाराचं बोलत होती. कुणाला काही कळणार नव्हतं. पाइपावर लावलेले बाकीचे सात-आठ कॅमेरे बोलावून घेता आले असते, तेल-पाणी करतो म्हणून. दत्तारामने दोन दिवस हाच विचार केला, आणि दोन्ही दिवस त्याला जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी वनमालाचा हात धरून तो टेकडीच्या माथ्यावर चढला, जिथून इमारतींच्या वरून चेंबूरचा सगळा पट्टा दिसतो. हेमांगीचा कॅमेरा डोळ्याला लावला. खऱ्या चिमणीशेजारी दुसरी चिमणी उभी होती. वनमाला बघत गेली, सांगत गेली, तो स्क्रू फिरवत गेला. "झाली एक," ती म्हणाली तेव्हा त्याने स्क्रू सोडला.

मग तो मेट्रोने वेसाव्याला निघाला. वाटेत त्याने मनाशी वाक्य तयार केलं. स्क्रू जरा सैल झाला होता, आता नीट केलाय. खोटं नाही आणि खरंही नाही, असं वाक्य. रिक्षातून उतरून कोळीवाड्याच्या गल्लीत शिरला तोवर ते पाठ झालं होतं.

हेमांगी ओट्यावर बोंबील निवडत होती. त्याला बघून तिने हात धुतले.

"काका? तुम्ही इकडे?"

"कॅमेरा आणलाय. त्याचा स्क्रू जरा सैल झाला होता. आता नीट केलाय."

तिने कॅमेरा घेतला नाही. "म्हणजे दोष कॅमेऱ्यातच होता? माझा हात नव्हता हलत?"

पाठ केलेलं वाक्य तिथेच संपत होतं. दत्ताराम तिच्या नाकावरच्या चष्म्याकडे बघत राहिला.

"नाही," तो म्हणाला. "हात नव्हता हलत. डोळेही चांगले आहेत तुझे. चूक माझी होती, पोरी. मला दिसत नाही. मी चिमणी म्हणून पाइप लावत होतो."

ती ओट्यावर बसली. त्याने पाइपाचं सांगितलं, टॉवेलाचं सांगितलं, ट्रेसिंग पेपर का काढला नाही तेही सांगितलं. ती ओरडली असती, शिव्या दिल्या असत्या, कॅमेरा अंगावर फेकला असता तर त्याला सोसलं असतं. तो त्यासाठीच आला होता खरं तर.

"शेवटचे फोटो ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आले," ती म्हणाली. आवाज अगदी सपाट. "बाबांनी लिफाफा उघडला. सगळे बघितले. त्यांना कॅमेऱ्याचं कळतं ना, मला म्हणाले, कॅमेरा बिघडलाय का? मी म्हटलं नाही, काकांनी दोनदा तपासलाय, माझीच चूक आहे. मग चिडले. म्हणाले, आख्खे गावाचे फोटू मी काढले, न् माझे पोरीला माझा एक धड फोटू नाय काढता आला. असं म्हणून भिंतीकडे तोंड करून झोपले. सकाळी हॉस्पिटलात गर्दी, धावपळ. आत नेलं त्यांना." तिने बोंबील बाजूला सारले. "ते शेवटचं बोलणं, काका. त्यानंतर बोलताच येत नाही त्यांना."

गल्लीतून एक टेम्पो पाणी सांडत गेला. हरेश्वरचा चेहरा गमावायला आपण निमित्त झालो एवढंच समजून दत्ताराम आला होता. ते ओझं बरोबर आणायची त्याने तयारी केली होती. हे दुसरं त्याला उचलेना.

"मला माफ कर," तो म्हणाला.

"मला नको सांगू." काकांना ती पहिल्यांदाच एकेरीत बोलली आणि तिच्या ते लक्षातही आलं नाही. "आत चल. त्यांना सांग."

हरेश्वर आतल्या खोलीत खाटेवर बसून जाळं विणत होता. नाकाखालून गळ्यापर्यंत चौकड्याचा पंचा गुंडाळलेला. पंच्याच्या वरचे डोळे मात्र मोठे, पाणीदार, आणि अजून कुणालाही जागेवर बसवतील असे. हे डोळेच त्या तीन रिळांत पुसट आले होते.

"बाबा, हे घाटकोपरचे पालव काका. कॅमेरेवाले."

दत्तारामने हात जोडले. "नाखवा, तुमच्या पोरीची काही चूक नव्हती," तो म्हणाला, आणि मग पुन्हा सगळं पहिल्यापासून, काही न गाळता सांगितलं. हरेश्वरची सुई थांबली होती. शेवटपर्यंत त्याने ऐकून घेतलं आणि दत्तारामकडे एकदाही बघितलं नाही. तो पोरीकडे बघत होता.

मग त्याने जाळं बाजूला केलं, तिला जवळ बोलावलं आणि तिचं मनगट धरून काहीतरी म्हणाला. पंच्याखालून आवाज आला, लांबट, ओला, मधेच घशात अडकलेला. त्यात शब्द होते हे नक्की, कारण तो ते जपून, एकेक करून काढत होता. पंचा भिजला. हेमांगीने दुसऱ्या हाताने हनुवटीखाली पुसलं.

"कळलं, बाबा."

त्याने मान हलवली. नाही, तसं नाही. पुन्हा तेच म्हणाला, आणखी जोर लावून, डोळे विस्फारून.

"हो बाबा. कळलं मला. खरंच कळलं."

हरेश्वरने तिच्या तोंडाकडे बराच वेळ निरखून पाहिलं. मग मनगट सोडलं आणि भिंतीला टेकला. दमला होता.

दत्ताराम बाहेर आला. कॅमेरा त्याने ओट्यावर ठेवला. मागोमाग हेमांगी आली. तिने चष्मा काढून हातात घेतला होता. दत्तारामला विचारायचा काही अधिकार नव्हता, पण त्याला राहवलं नाही. त्या बापाने पोरीला परत घेतलं, एवढं तरी ऐकून त्याला जायचं होतं.

"काय म्हणाले गं?"

"नाही कळलं, काका," ती म्हणाली. "एक अक्षर नाही कळलं. लिहून द्या म्हणावं तर सहीपुरतंच लिहिता येतं त्यांना."

आतून पुन्हा तो आवाज आला, तसाच, पहिल्यापासून.

"हो बाबा, कळलं!" ती ओरडून म्हणाली आणि आत गेली.